रत्नागिरीने नाकारलेली भट्टी

आपल्या घरातली तांब्याची देग, पातेली आता बहुधा माळ्यावर गेली. तरी तांब्यावाचून घर चालत नाही. भिंतीतली वायर, पंख्याची मोटर, फ्रिजची नळी, सगळीकडे तांबेच. हे तांबे ज्या भट्टीत वितळते, ती कोणाच्या दारात असावी? तामिळनाडूतील तूतुकुडी (तुतिकोरिन) या बंदराच्या औद्योगिक शहराची कहाणी या एका प्रश्नाभोवती फिरते आणि ती सुरू होते आपल्या कोकणात.

1992 साली स्टरलाइट कंपनीला तांबे शुद्ध करण्याच्या कारखान्यासाठी रत्नागिरीत सुमारे 500 एकर जागा मिळाली. बांधकाम सुरू झाले, तसे हापूसचे बागायतदार आणि मच्छीमार रस्त्यावर उतरले. बागा आणि समुद्र दोन्ही हातचे जातील, ही त्यांची भीती होती. अखेर जुलै 1993 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवायला सांगितले. कोकणाने सुटकेचा श्वास टाकला. कारखाना मात्र रद्द झाला नाही, त्याने फक्त गाव बदलले. 1994 मध्ये तूतुकुडीत त्याची पायाभरणी झाली आणि दोन-अडीच वर्षांत भट्टी पेटली.

या भट्टीत होते काय? तांब्याचे खनिज परदेशातून जहाजाने येई. दगड दळून केलेल्या त्या भुकटीत साधारण चौथा हिस्सा तांबे असते. बाकी मुख्यतः लोखंड आणि गंधक. तापवल्यावर गंधक जळून सल्फर डायऑक्साइड वायू होतो. तो नीट धरला तर त्याचे गंधकाम्ल बनते, तेही विकले जाते. निसटला तर डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, दमेकऱ्याचा जीव कासावीस होतो. शिवाय मळीचे डोंगर उरतात. खनिजात आर्सेनिकसारखी विषारी द्रव्येही असू शकतात.

तूतुकुडीचा समुद्र म्हणजे मन्नारचे आखात. तिथे प्रवाळाची 21 बेटे आहेत आणि त्यांचे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. मच्छीमारांनी 1996 मध्येच होड्या घालून खनिजाची जहाजे अडवली. 1998 मध्ये नागपूरच्या 'नीरी' संस्थेचा प्रतिकूल अहवाल आला, मद्रास उच्च न्यायालयाने कारखाना बंद केला आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा सुरू झाला. 2010 मध्ये पुन्हा बंदीचा हुकूम निघाला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण प्रदूषणाबद्दल 100 कोटी रुपये भरपाई भरायला लावली. त्याच सुमारास वायुगळतीची तक्रार झाली आणि पुन्हा काही आठवडे टाळे लागले.

2018 मध्ये विस्ताराची चाहूल लागताच जवळच्या कुमारेड्डियापुरम गावाने धरणे धरले. शंभराव्या दिवशी, 22 मे रोजी, हजारो लोक जिल्हाधिकारी कार्यालयाकडे निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून 13 जणांचे प्राण गेले. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती अरुणा जगदीशन आयोगाने पुढे पोलिसांवर ठपका ठेवला. 28 मे रोजी सरकारने कारखाना कायमचा बंद करण्याचा आदेश काढला. तो आदेश मद्रास उच्च न्यायालयाने 2020 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये कायम ठेवला.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. या कारखान्याची क्षमता वर्षाला 4 लाख टनांची होती. तो बंद झाला आणि तांबे निर्यात करणारा आपला देश आयात करू लागला. कामगार, ट्रकवाले, बंदरावरचे हमाल यांची रोजी गेली. त्यांच्या घरची चूल हीसुद्धा खरी गोष्ट आहे.

म्हणून वाचकहो, रत्नागिरीचे लोक चुकले असे मी म्हणणार नाही. आपली बाग आणि आपला समुद्र राखणे हा त्यांचा हक्कच होता. पण आपल्या अंगणातून गेलेला धूर शेजाऱ्याच्या घरात शिरला, तर प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. रत्नागिरीत उठलेल्या शंकांची उत्तरे मिळण्याआधीच तूतुकुडीत पायाभरणी झाली. वायू कसा धराल, मळी कुठे टाकाल, तपासणी कोण करील, गावाला विचारले का, हे प्रश्न पहिली वीट रचण्याआधी विचारायचे असतात. उद्या आपल्या तालुक्यात एखादा प्रकल्प आला तर ते जरूर विचारा. आणि तो आपल्याकडून उठून दुसरीकडे गेला, तर तिथल्या लोकांसाठीही विचारा.