प्रतिकारशक्ती वाढवल्याने एमएस बरा होत नाही

 मुंबईत 1980च्या दशकात पारशी समाजात मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे एमएसची, पाहणी झाली. लाखामागे सुमारे 26 रुग्ण आढळले. ‘हा थंड देशांतल्या गोऱ्यांचा आजार’ हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. पण आजही एका डोळ्याला धूसर दिसणं, पायाला मुंग्या येणं, तोल जाणं अशा एमएसच्या लक्षणांवर घरोघरी ‘अशक्तपणा असेल’ असंच म्हटलं जातं आणि मोलाचे महिने जातात.

त्याहून घातक समज म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे एमएस होतो. मग काढे, गुळवेल, ताकदीच्या गोळ्या सुरू होतात. खरं तर इथे प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती चुकीच्या जागी हल्ला करते. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण ती खरवडते.

हा हल्ला प्रतिकारशक्तीतल्या फक्त टी पेशी करतात, असं डॉक्टरही अनेक वर्षं मानत. त्याच यंत्रणेतल्या बी पेशींचं काम अँटिबॉडी बनवण्यापुरतं, असा हिशेब होता. 2008 मध्ये 104 रुग्णांवरच्या चाचणीने तो बदलला. बी पेशींवरच्या सीडी20 या खुणेला धरून त्या नष्ट करणारं रिटुक्सिमॅब दिल्यावर मेंदूतले ताज्या दाहाचे डाग, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत, 91 टक्क्यांनी घटले. गंमत पुढेच आहे. अँटिबॉडी ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ही खूण नसते, त्यामुळे रक्तातल्या अँटिबॉडी फारशा घटत नाहीत. तरी हल्ले आठवड्यांत कमी होतात! म्हणजे बी पेशींचा मोठा वाटा अँटिबॉडीपलीकडचा आहे. त्या टी पेशींना ‘लक्ष्य’ दाखवतात आणि दाह भडकवणारी रसायनं सोडतात. एपस्टाइन-बार विषाणू मुक्काम करतो तोही याच पेशींत. त्याच्या संसर्गानंतर एमएसचा धोका सुमारे 32 पट वाढतो, असं 2022 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून दिसलं. मात्र हा विषाणू बहुतेक सगळ्यांनाच गाठतो आणि एमएस फार थोड्यांना होतो.

मग सगळ्याच बी पेशी वाईट? तसंही नाही. काही बी पेशी दाह आवरतात. अटासिसेप्ट हे औषध बी पेशींनाच रोखणारं, पण त्याने रुग्णांचे एमएसचे झटके वाढले आणि चाचणी थांबवावी लागली.

सीडी20विरोधी औषधं आजार मुळापासून काढत नाहीत आणि झिजलेले तंतू जोडून देत नाहीत. ती नवे हल्ले रोखतात, म्हणून लवकर सुरू करण्याला अर्थ आहे. पहिल्या डोसआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबलेला विषाणू उपचारात उसळू शकतो. लशीही आधीच घ्याव्यात. बी पेशी गेल्यावर लशीला शरीराचा प्रतिसाद क्षीण होतो.