ध्वनिमुद्रिकेची दुसरी प्रत

एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या हातीं आल्या असतां दुसरी निरुपयोगी समजूं नये, हें संग्राहकांस सांगावयास नको. हाच नियम जुन्या ध्वनिमुद्रिकांसहि लागू आहे असें आमचें मत असून त्याचें प्रमाण येथें देत आहों.

१९३० च्या सुमारास ध्वनिमुद्रण मेणाच्या जाड तबकडीवर होई. मेण नाजूक असल्यामुळें एक तबकडी बिघडल्यास श्रम वायां जाऊं नयेत म्हणून कित्येकदां एकाच वेळीं दोन यंत्रांवर दोन तबकड्या कोरीत. बहुधा दोहोंस ध्वनि एकाच मायक्रोफोनांतून मिळे. क्वचित् प्रत्येकीस निराळ्या जागच्या मायक्रोफोनांतून मिळाला.

फेब्रुवारी १९३२ मध्यें अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाच्या दोन गीतमालिका मुद्रित केल्या. सुमारें पन्नास वर्षांनीं संग्राहकांनीं त्यांच्या प्रती ताडून पाहिल्या, तेव्हां वादन तेंच, परंतु वाद्यांचें अंतर भिन्न असें आढळलें. एक प्रत डाव्या व दुसरी उजव्या कर्ण्यांतून एकदम वाजवितांच वाद्यें आपापल्या जागीं बसलेलीं भासलीं. १९८५ सालीं हें जोडमुद्रण प्रसिद्ध झालें.

याचें महत्त्व कालक्रमावरून कळतें. एकाच खांचेच्या दोन भिंतींवर दोन ध्वनि कोरण्याच्या युक्तीच्या पेटंटसाठीं ॲलन ब्लमलाइन यांनीं इंग्लंडांत १४ डिसेंबर १९३१ रोजीं अर्ज केला. पण अशा स्टिरिओ तबकड्या बाजारांत आल्या त्या १९५७-५८ मध्यें. दिवाणखान्यांत करमणुकीसाठीं तालवाद्यें डावी-उजवीकडे खेळविणारी एनॉक लाइट यांची ‘पर्स्वेसिव्ह पर्कशन’ ही तर १९५९ ची. १९३२ च्या वादकांची बैठक मात्र केवळ दुसरी प्रत राहिल्यामुळें आपणांस उमगते.

आतां परीक्षेविषयीं. पोथीची पुष्पिका पाहतात तसे लेबलाभोंवतालच्या कोऱ्या कड्यांत कोरलेले अंक पाहावे. लेबलावरील क्रमांक एकच असूनहि हे भिन्न असूं शकतात. अंक भिन्न निघाल्यास वादनांतील चुका व विराम ताडावे. ते तंतोतंत जुळले तरच मुद्रण एककालीन मानावें. एरवीं तें निराळें वादन होय. तबकड्यांच्या वेगांतील अल्प फरकानेंहि स्टिरिओचा आभास होतो, म्हणून निर्णयाची घाई करूं नये.

तात्पर्य, दुबार तबकडी विकण्यापूर्वीं निदान तिचे अंक उतरून ठेवावे. जोडीची प्रत दुसऱ्या एखाद्या संग्रहांत असेल, तर त्या अंकांवरूनच तिचा शोध लागेल.