पूरकाळात संपर्कासाठी हातातील रेडिओ संच : कोणता घ्यावा, कसा वापरावा

श्रीपूर-महाळुंग परिसरातील ऊस व फळबागांना नीरा आणि भीमा या नद्यांचा आधार आहे. मात्र वीर धरणातून नीरेत व उजनीतून भीमेत मोठा विसर्ग सुरू झाला, की काठावरील मोटारी वर काढण्यासाठी रात्री-अपरात्री धावावे लागते. नेमकी त्याच वेळी वीज गेलेली असते. मोबाईलच्या मनोऱ्याची बॅटरी काही तासांत उतरली, की फोनही बंद पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या महापुराने माढा, मोहोळ व करमाळा तालुक्यांतील गावांची झालेली अवस्था आपणांस ठाऊक आहेच. काठावरच्या माणसाला "मोटार राहू द्या, आधी वर या" एवढा निरोप वेळेत मिळाला, तरी जीव वाचतो. त्यासाठी हातातील रेडिओ संच, म्हणजेच वॉकी-टॉकी, उपयोगी पडतो.

समुद्री संच येथे का नको?

बाजारात जहाजांसाठी बनविलेले जलरोधक संच मिळतात. ते मजबूत असतात व पाण्यात पडले तरी सहसा बिघडत नाहीत. त्यामुळे 'आपणही हेच घ्यावेत' असा विचार मनात येतो. परंतु हे संच सुमारे १५६ ते १६२ मेगाहर्ट्झ या सागरी पट्ट्यात चालतात. त्यातील १६ क्रमांकाची वाहिनी (१५६.८ मेगाहर्ट्झ) संकटाच्या हाकेसाठी राखून ठेवलेली आहे. समुद्रात जहाजे व तटरक्षक दल ती सतत ऐकत असतात. श्रीपूरपासून किनारा सुमारे २०० किलोमीटर दूर आणि मध्ये सह्याद्री. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे येथून मारलेली हाक किनाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय या पट्ट्यासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो व तो जमिनीवरील वापरासाठी नसतो.

मग कोणता संच घ्यावा?

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना केंद्र शासनाच्या २०१८ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली. खरेदी करताना संच याच पट्ट्याचा आहे ना, व त्यास दूरसंचार विभागाची उपकरण मान्यता आहे ना, हे लेखी पाहून घ्यावे. जास्त शक्तीचे अथवा कोणत्याही पट्ट्यावर लावता येणारे स्वस्त संच घेऊ नयेत. अशा बेकायदा विक्रीला आळा घालण्यासाठी २०२५ मध्ये ऑनलाईन विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढण्यात आली.

अधिक अंतराचा संपर्क हवा असल्यास गावातील एक-दोन तरुणांनी हौशी रेडिओची (हॅम) परीक्षा देऊन परवाना घ्यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचविण्याचे काम केले होते.

पल्ला किती?

दोघांनी दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचांमध्ये मोकळ्या सपाट जागी क्षितिजाचा हिशेब सुमारे १० किलोमीटर येतो. एक संच ९ मीटर उंच गच्चीवर नेल्यास तो १७ किलोमीटरच्या आसपास जातो. ही झाली कागदावरची मर्यादा. उभा ऊस, झाडी, घरे व नदीची दरड यांमुळे कमी शक्तीचा संच एक-दोन किलोमीटरच चालेल असे धरून नियोजन करावे. म्हणून एक माणूस गच्चीवर किंवा उंचवट्यावर बसवावा. काठावरचा निरोप त्याने पुढे वस्तीवर द्यावा.

वापराची शिस्त

१. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलावे, नाहीतर पहिला शब्द तुटतो. बोलणे संपताच बटण सोडावे.

२. निरोपात चार गोष्टी याव्यात : कोण, कोठे, काय झाले, किती माणसे. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवावा.

३. बॅटरी वाचविण्यासाठी ऐकण्याच्या वेळा ठरवाव्यात. पूर्वी जहाजांवर दर तासाच्या व अर्ध्या तासाच्या आरंभी ३ मिनिटे संकटाच्या २१८२ किलोहर्ट्झवर सर्वजण गप्प राहून ऐकत. तोच नियम आपणही पाळावा. मात्र माणूस काठावर उतरला असेल, तर दोन्हीकडचे संच सतत चालू ठेवावेत.

४. संच महिन्यातून एकदा चार्ज करून तपासावा. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा चार्जर जवळ ठेवावा. संच प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत ठेवावा.

या संचावरून पोलीस किंवा तहसील कार्यालयाशी बोलता येत नाही. म्हणून वस्तीवरील एकाने, जेथे फोन लागतो अशा जागेची माहिती आधीच काढून ठेवावी व तेथून ११२ वर कळवावे.

संच जवळ आहे म्हणून पाण्यात उतरण्याचे धाडस मात्र करू नये. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्याने बोट उलटली व सहा जणांचा मृत्यू झाला. बोटीत बसताना अंगावर जीवरक्षक जाकीट आधी हवे, संच त्यानंतर.

मे महिन्यात, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकदा रात्री रंगीत तालीम घ्यावी. मोटारीच्या जागेपासून वस्तीपर्यंत चालत जाऊन आवाज कोठे तुटतो ते पाहावे व त्या जागा कागदावर लिहून घरात सर्वांना दिसतील अशा लावाव्यात.