दहा हजार खेळाडूंचा भटारखाना



१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकीहून गोळेश्वरच्या पै. खाशाबा जाधव यांनी कुस्तीचे कांस्यपदक आणले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले ते हेच, तब्बल ७२ वर्षांनी. तेव्हापासून ऊस विकास विभागाच्या गटवार बैठकांना आम्ही जाऊ तिथे बेणे-खताची चर्चा संपता संपता एक प्रश्न हटकून निघतो. ही पोरं तिकडं परमुलखात खातात तरी काय, आणि एवढ्या जणांना रांधून घालतं कोण?

प्रश्न रास्त आहे. म्हणून या अंकात लागण आणि तोडणी कार्यक्रम थोडा बाजूला ठेवून त्या भटारखान्याची माहिती देत आहोत.

मोठी पंगत आपल्याला नवी नाही. हरिनाम सप्ताहाच्या काल्याला पाच-पाच हजार पान उठवणारे आचारी आपल्या गावोगावी आहेत. पण तिथे बेत एक, वेळ एक आणि जेवणारा समोर येईल ते आनंदाने खाणारा. ऑलिंपिक ग्रामात यातली एकही सवलत नाही. पॅरिसला साडेदहा हजार खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक आणि पथकातली माणसे वेगळी; देश आणि प्रदेश मिळून दोनशेच्या वर. कोणाला डुक्कर वर्ज्य, कोणाला गाय वर्ज्य, कोणी हलाल मागतो, कोणी अंडेसुद्धा खात नाही, कोणाला शेंगदाणा चालत नाही तर कोणाला गहू. शिवाय एकाची शर्यत सकाळी सातला आणि दुसऱ्याची कुस्ती रात्री. म्हणून ग्रामाचे मुख्य भोजनालय चोवीस तास उघडे ठेवतात. आपल्या कारखान्याची गव्हाण हंगामात बंद पडत नाही, तशी तिथली चूल स्पर्धा संपेपर्यंत विझत नाही. आचारी पाळ्यांनी येतात आणि पाळ्यांनी जातात.

पॅरिसचे हे भोजनालय सेंट-डेनिस भागातल्या एका जुन्या वीजनिर्मिती केंद्राच्या इमारतीत थाटले होते. त्या जागेचा मधल्या काळात चित्रपटांचा स्टुडिओ झाला होता. बसायच्या जागा तीन हजारांच्या वर आणि दिवसाला सुमारे ४० हजार ताटे. एकंदर ५०० पदार्थांची यादी आधीच ठरलेली. पाव रोज ताजा मिळावा म्हणून बेकरी ग्रामातच ठेवली होती. एक गोष्ट मात्र गमतीची. फ्रान्स देश, आणि बटाट्याचे तळलेले काप नाहीत! मोठ्या कढया उकळत्या तेलाने भरून ठेवायच्या म्हणजे आगीचा धोका, म्हणून तळणीलाच मनाई होती.

धान्य-भाजीचा आकडा काढून बसायची आपल्या सभासदांना सवय आहे, म्हणून लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकचा अंदाजही सांगतो. नुसत्या ऑलिंपिक ग्रामासाठी बटाटा २३२ टन, फळे आणि भाजीपाला ३३० टनांवर, अंडी १९ टन, चीज २१ टन आणि दूध ७५ हजार लिटर धरले होते. आपल्या हिशेबात भाजी-फळांचे ३३० टन म्हणजे फार काही नव्हे. उसाच्या एवढ्या खेपा आपल्या काट्यावर काही तासांत उतरतात. पण ऊस उन्हात दोन दिवस राहिला तर उतारा पडतो आणि वजन घटते, तेवढ्यावर भागते. मासळी उन्हात दोन तास राहिली तर काय होते ते सांगायला नको.

इथेच आचाऱ्याचे खरे काम सुरू होते आणि ते चवीचे नाही. चार-चार, आठ-आठ वर्षे घाम गाळून आलेल्या पोराचे पोट आदल्या रात्री बिघडले तर त्याची सगळी मेहनत गेली. तिला दुसरा हंगाम नाही. फ्रान्समध्ये सार्वजनिक भोजनालयांना याबाबत कडक नियम आहेत. गरम पदार्थ वाढेपर्यंत ६३ अंश सेल्सियसच्या खाली येता कामा नये. थंड करून ठेवायचा असेल तर दोन तासांच्या आत १० अंशांखाली उतरलाच पाहिजे, कारण जंतू वाढतात ते या मधल्या कोमट पट्ट्यात. आणि प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना बाजूला काढून निदान पाच दिवस थंडीत जपून ठेवायचा. उद्या कोणी आजारी पडलाच, तर कोणत्या भांड्यातले काय बाधले हे शोधता यावे म्हणून. आपल्या प्रयोगशाळेत रसाचे नमुने ठेवतात तसलाच हा प्रकार. शिवाय प्रत्येक भांड्यापुढे पाटी, की यात काय काय घातले आहे आणि कोणाला काय बाधू शकेल.

आता विषाणू-जंतूंपेक्षाही चोरटा एक शत्रू आहे, आणि तो थेट शेतावरून, गोठ्यावरून येतो. २०११ साली मेक्सिकोत सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. खेळाडूंच्या लघवीचे २०८ नमुने तपासले, त्यांपैकी १०९ नमुन्यांत क्लेनब्युटेरॉल नावाचे बंदी असलेले औषध निघाले. एवढी पोरे मिळून चोरी करतील का? चौकशीत उघड झाले ते असे की, जनावराच्या अंगावर चरबी कमी आणि मांस जास्त चढावे म्हणून काही पशुपालक हे औषध चोरून चारत होते आणि ते मांसातून पोरांच्या पोटात गेले. कारवाई कोणावर झाली नाही. यजमान मेक्सिकोचा संघ मात्र आधीच सावध होता. त्याने मांस बंद करून मासळी आणि भाजीपाला धरला होता, त्यांच्यात कोणी सापडले नाही आणि चषकही त्यांनीच जिंकला. आचारी कितीही हुशार असो, कढईत पडलेले औषध त्याला जिभेने ओळखता येत नाही. माल कोणाच्या शेतातला, कोणाच्या गोठ्यातला हे लिहून ठेवल्याखेरीज मोठ्या स्पर्धांच्या कोठीत तो घेत नाहीत, त्याचे कारण हे. फवारणीची नोंद ठेवा म्हणून आम्ही मागे लागतो तेव्हा काही मंडळींच्या कपाळाला आठी पडते. त्यांनी हा मजकूर घरात मोठ्याने वाचावा, एवढीच विनंती!

अंदाजाची गोष्ट राहिली. पॅरिसच्या आयोजकांनी पर्यावरणाचा विचार करून वनस्पतिजन्य पदार्थ वाढवायचे आणि मांस कमी करायचे असे ठरविले होते. हेतू चांगला. पण पहिल्याच दिवसांत सकाळच्या न्याहारीला अंडी कमी पडू लागली, मोजून द्यायची वेळ आली, मांसाच्या टेबलापुढे रांगा लागल्या. बोंब झाल्यावर ७०० किलो अंडी आणि एक टन मांस वाढवून घेतले. सातशे किलो म्हणजे धरा बारा-तेरा हजार नग. ब्रिटनच्या पथकाने तर आपल्या माणसांसाठी वेगळा स्वयंपाक चालू ठेवला होता. आपल्या बॅडमिंटन चमूतल्या एका मुलीने सांगितले की, यादीत राजमा होता खरा, पण आम्ही पोचेपर्यंत संपला होता. आमचे मत विचाराल तर खाणाऱ्याने काय खावे हे कागदावर ठरवणे सोपे आहे; उपाशी माणूस कोणत्या भांड्यापुढे उभा राहील हे मात्र भांडे ठेवल्यावरच कळते. उसाची नोंद आणि काट्यावरचे टनेज यांत जे अंतर असते तेच हे. चांगला कोठीवाला त्या अंतराची तरतूद आधी करून ठेवतो.

उलट कोणता पदार्थ गाजेल हेही सांगता येत नाही. नॉर्वेच्या एका जलतरणपटूला तिथला चॉकलेटचा मफिन, म्हणजे आपल्या कपकेकचा मोठा भाऊ, इतका आवडला की त्याने त्याचीच चित्रे काढून साऱ्या जगाला दाखविली. पाचशे पदार्थ रांधणाऱ्या आचाऱ्यांची गंमत अशी की, तो मफिन त्यांच्या हातचा नव्हताच. बाहेरून तयार होऊन येत होता. साखर खपली, आपण त्यात समाधान मानू.

साखरेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. अलीकडे जो तो साखरेच्या नावाने बोटे मोडतो, आणि बैठ्या माणसाच्या बाबतीत डॉक्टर सांगतात ते ऐकलेच पाहिजे. पण तास-दोन तास अंग मोडून कष्टणाऱ्या खेळाडूचे गणित निराळे असते. स्नायूंत आणि यकृतात पिष्टाचा जो साठा असतो तो पळता पळता संपतो, म्हणून आदल्या दिवशी भात, पाव, बटाटा असे खाऊन तो भरून ठेवायचा आणि लांबच्या शर्यतीत ताशी ३० ते ६० ग्रॅम साखर किंवा तत्सम पिष्ट पाण्यातून घेत राहायचे, असे आहारतज्ज्ञ सांगतात. मुठी-दोन मुठी साखरच ती. म्हणून तुम्ही बांधावरच्या चहात चार चमचे घाला, असा याचा अर्थ नव्हे बरं का!

कुस्तीगिराची अडचण मात्र साठा भरण्याची नसून तो मोजून भरण्याची. पॅरिसला विनेश फोगाट यांनी ६ ऑगस्टला एका दिवसात तीन कुस्त्या मारून ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन, आणि काटा १०० ग्रॅम पुढे. त्या बाद ठरल्या. काट्यावरची कुरबूर आपल्याला नवी नाही, पण शंभर ग्रॅमसाठी पदक गेलेले आम्ही प्रथमच पाहिले आणि त्या दिवशी कार्यालयात कोणाचे कामात लक्ष नव्हते. लगोलग ५७ किलो गटात अमन सेहरावत यांचे वजन उपान्त्य कुस्तीनंतर साडेचार किलोंच्या वर चढलेले निघाले. रात्रभर घाम काढून, गरम पाणी आणि पळणे असे करत दहा तासांत त्यांनी ते उतरविले आणि ९ ऑगस्टला कांस्यपदक जिंकले. सबंध दिवसाच्या कुस्त्यांनंतर ताकद यावी एवढे खायचे आणि सकाळी काट्याला चालेल एवढेच खायचे. भोजनालयातल्या आचाऱ्याने वाढलेल्या पळीभर डाळीलासुद्धा तिथे वजन असते.

हे सगळे चोचले आजचे, असे म्हणणाऱ्या जुन्या मंडळींसाठी १९४८ सालच्या लंडनची हकीकत. महायुद्ध संपून तीनच वर्षे झालेली. इंग्लंडात अन्नधान्य शिधापत्रिकेवर; साखरेचे रेशनिंग तर तिकडे १९५३ सालापर्यंत चालले. पाहुण्यांना घालायचे काय? मग सरकारने खेळाडूंना गोदी कामगार आणि खाणमजूर यांच्याइतका, म्हणजे दिवसाला ५,४६७ कॅलरींचा शिधा मंजूर केला. सामान्य नागरिकाच्या ताटात तेव्हा सुमारे २,६०० कॅलरी पडत. तरी भागेना, तेव्हा पाहुण्यांनीच शिधा बांधून आणला. डेन्मार्कने १ लाख ६० हजार अंडी पाठविली, हॉलंडने शंभर टनांवर फळे आणि भाजीपाला. उरले ते लंडनच्या इस्पितळांना वाटून टाकले. आपले खाशाबा याच लंडनला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले होते. गादीवर खेळायचा सराव नसताना ते फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पैशासाठी गावात झोळी फिरवावी लागली होती.

उरलेल्या अन्नाचे पुढेही अनेक ठिकाणी हाल झाले. रिओ शहरात २०१६ साली मात्र मासिमो बोत्तुरा या इटलीच्या नामांकित आचाऱ्याने लापा भागात एक भोजनशाळा काढली आणि ऑलिंपिकच्या कोठीतला जादा माल आणून तिथल्या बेघर माणसांना टेबल-खुर्चीवर बसवून, ताट वाढून जेवू घातले. मोठमोठे शेफ त्यासाठी तिथे येऊन राबले. या एका गोष्टीसाठी आम्ही त्या माणसाला शंभरपैकी शंभर गुण देऊ.

आणि स्वप्नील कुसाळे? पाचशे पदार्थांची ती मांडामांड हाताशी असताना अंतिम फेरीच्या सकाळी त्यांच्या पोटात धडधड, घास जाईना. फक्त कोरा चहा घेऊन ते रेंजवर गेले.

११ ऑगस्टला ऑलिंपिक आटोपले. २८ तारखेला पॅरालिंपिक सुरू व्हायचे होते. मधल्या दिवसांत त्याच ग्रामात अपंग खेळाडूंच्या सोयीने सारी मांडणी बदलून घेतली आणि नव्या पाहुण्यांसाठी चुली पुन्हा पेटल्या. या दुसऱ्या पंगतीला आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी होते. ४ सप्टेंबरला त्यांनी गोळाफेकीत १६.३२ मीटरची फेक केली आणि रौप्यपदक मिळविले.

— ऊस विकास अधिकारी