मताची खतावणी

कन्नड हे काही मैफलींचे गाव नव्हे. मका, कापूस आणि आले यांच्या मोसमावर येथील बाजारपेठ चालते. उत्तरेस औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, दक्षिणेस वेरूळ आणि त्यापुढे छत्रपती संभाजीनगर. मोठ्या गवयाला समोर बसून ऐकायचे तर दुकान लवकर बंद करून शहर गाठणे आले, आणि ऐन मोसमात ते कोणत्या व्यापाऱ्याला जमावे? म्हणून अशा तालुक्याच्या गावी संगीत घरात आले ते आकाशवाणीवरून, तबकड्यांवरून आणि पुढे कॅसेटींवरून. येथील रसिकाचे मत गायकाविषयी कमी आणि ध्वनिमुद्रिकेविषयी अधिक असते. जाणकार मंडळी अशा मताला दुय्यम लेखतात. 'प्रत्यक्ष ऐकलेच नाही, मग बोलायचे काय?' असे कोणी विचारतो. दुसरा 'ज्याची त्याची आवड' म्हणून विषयच संपवतो. पहिल्या उद्गारात थोडा गर्व आहे, दुसऱ्यात थोडा आळस.

या दोहोंना पुरेसे उत्तर मराठीत एका हिशेबतज्ज्ञाने देऊन ठेवले आहे. वामनराव देशपांडे (१९०७-१९९०) हे मुंबईतील चार्टर्ड अकाउंटंट. पेशा ताळेबंदाचा आणि ध्यास गाण्याचा. सुरेशबाबू माने आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्यांकडे ते शिकले. परंतु त्यांचे नाव राहिले ते श्रोता म्हणून. १९६१ साली त्यांचे 'घरंदाज गायकी' प्रसिद्ध झाले. त्यातील मांडणी थोडक्यात अशी: स्वर आणि लय ही गायनाची दोन टोके होत. किराणा घराणे स्वराच्या टोकाशी, आग्रा घराणे लयीच्या टोकाशी, इतर घराणी या दोहोंच्या दरम्यान कमीअधिक अंतरावर, आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या जयपूर घराण्यात दोहोंचा तोल सर्वाधिक साधलेला.

हे वैयक्तिक मत आहे, हे कोणासही कळते. वामनरावांनी आपला कल लपविला नाही. किराणा घराण्याच्या चाहत्यांना तो निवाडा रुचणे कठीणच होते. पण त्यांची खतावणी उघडी आहे. कोणती रक्कम कोणत्या खाती मांडली, ते वाचकाला दिसते. ज्याला निष्कर्ष मान्य नाही, त्याला नेमक्या कोणत्या नोंदीवर बोट ठेवायचे ते कळते. 'फारच सुंदर' आणि 'काही खास नाही' या शेऱ्यांत अशी तपासणी करता येत नाही. ते पावतीविना दिलेल्या पैशांसारखे असतात.

ज्या अल्लादियाखाँसाहेबांना वामनरावांनी हे स्थान दिले, त्यांचे स्वतःचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. १९४६ साली ते निवर्तले. त्यांचा आवाज कसा लागे, तान कशी उलगडे, हे आज कोणी यंत्रावर लावून दाखवू शकत नाही. जे हाती आहे, ते शिष्यांच्या गळ्यातून आलेले आणि ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलेले. गोविंदराव टेंबे यांनी त्यांचे चरित्र लिहिले नसते, तर आपले ज्ञान आणखी तोकडे राहिले असते. मुद्दल गेले आणि वहीतील नोंद तेवढी उरली, असा हा प्रकार आहे. श्रोत्याच्या मताला किंमत किती, असे विचारणाऱ्याने हे एक उदाहरण लक्षात घ्यावे.

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची गोष्ट याच्या उलट आहे. गोव्यातील केरी गावच्या या गायिकेच्या भैरवीची एक तबकडी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांसोबत अवकाशात गेली. पृथ्वीवरील संगीताचे २७ नमुने त्या सुवर्णांकित तबकडीवर आहेत. बाख आहे, बेथोव्हन आहे आणि चक बेरी यांचे रॉक अँड रोलही आहे. ही यादी म्हणजे तरी दुसरे काय? काही रसिकांनी एकत्र बसून सर्व प्रकारच्या संगीतावर दिलेले मतच. त्यात वादही झाला. लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांना रॉक अँड रोल पोरकट वाटले. त्यावर कार्ल सेगन यांनी, पृथ्वीवर पोरवयाची माणसेही पुष्कळ आहेत, असे उत्तर दिल्याचे सांगतात. उत्तर चातुर्याचे आहे, पण त्यात कसोटीही आहे. यादी कोणासाठी, हे ठरल्याशिवाय तिच्यात काय बसते ते ठरत नाही.

केसरबाईंची ती भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर त्याहून अधिक मावतच नसे. जयपूर गायकीचे वैभव ज्या सावकाश बढतीत आहे, तिला एवढ्या जागेत पायही पसरता येत नाहीत. केवळ या तबकडीवरून घराण्याची परीक्षा करणे म्हणजे मूठभर वानगीवरून सगळ्या पोत्यांचा भाव ठरविणे होय. मात्र त्या मुठीत जे आहे, ते अस्सल आहे. आवाजाचा तो भरदार, सलग लगाव प्रथम ऐकणाऱ्यालाही थांबवतो.

ध्वनिमुद्रिकेवर मत देताना म्हणूनच तिने काय देऊ केले होते, हे आधी पाहावे. कर्ज ज्या कामासाठी घेतले, त्याच कामावरून त्याची तपासणी होते. १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस रागांतून उभा करण्याची ही कल्पना. एचएमव्हीत ती आकाराला आणणारे जी. एन. जोशी हे स्वतः मराठी भावगीताचे आद्य गायक. रागविस्ताराच्या कसोटीवर ती मुद्रिका उणी ठरेल, कारण तो वायदा तिने केलाच नव्हता. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा प्रवास मात्र ती खरोखर घडविते, आणि शास्त्रीय संगीताचे नाव काढताच उठून जाणाऱ्यांना बसवून ठेवते.

'शिवकल्याण राजा' १९७४ ची, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीची. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, लतादीदींचा स्वर, बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन. रामदास, भूषण, सावरकर आणि कुसुमाग्रज एका माळेत ओवणे हे धाडस होते. ते साधले, कारण संगीतकाराने सगळ्यांना एकच वीररसाचा रंग फासला नाही. निवेदन काहींना आज लांबलेले वाटते. एकेक गाणे सुटे ऐकणाऱ्यांची ती तक्रार आहे, पूर्ण ऐकणाऱ्यांची नव्हे.

'राम श्याम गुण गान' (१९८५) विषयी मात्र एवढे निःशंक बोलता येत नाही. भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर ही दोन नावे एका वेष्टनावर आली की खरेदी ऐकण्यापूर्वीच होते. श्रीनिवास खळे यांच्या चाली देखण्या आणि अवघड आहेत. परंतु भीमसेनांचा आवाज जेथे मोकळा सुटू पाहतो, तेथेच कडवे संपते, असे पुन्हा पुन्हा जाणवते. स्वर आणि लय यांचा तोल येथे आहे. दोन गळ्यांचा तोल तितका नाही. हे मत कोणाला पटणार नाही. त्याने कोणत्या भजनात तो तोल साधला आहे, ते दाखवावे.

पूर्वी तबकडी विकत घेताना पैसे मोजावे लागत. मग ती नावडली तरी चारदा ऐकली जाई, आणि चौथ्यांदा ऐकताना मत कधी बदलेही. आता फोन पुढचे गाणे स्वतःच लावतो. न आवडलेले बोटाने सरकते आणि का आवडले नाही, हे सांगण्याची वेळच येत नाही. कन्नडसारख्या गावांतील घराघरांत दिवाळीच्या आवराआवरीत कॅसेटींची खोकी भंगारात निघतात. फिती चिकटलेल्या असतात, बुरशी धरलेली असते, वाजवायचे यंत्रही उरलेले नसते. त्यांतले बरेचसे संगीत दुसरीकडे मिळेल. मिळणार नाही ते आतल्या कागदावर वडिलांनी किंवा आजोबांनी पेन्सिलीने लिहिलेले: खरेदीची तारीख, एखाद्या गाण्यापुढची फुली, दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या चिजेखाली ओढलेल्या दोन रेघा. खोके देण्यापूर्वी ते कागद काढून घ्यावेत, आणि आजोबा हयात असतील तर त्या दोन रेघा कशासाठी होत्या, तेही विचारून घ्यावे.