म्हातारपणाची बेगमी

मृग लागायच्या आधी आपण काय काय करतो? घरावरची कौले नीट करतो. सरपण आडोशाला रचतो. गोवऱ्या झाकतो. दाणागोटा घरात भरतो. कारण पाऊस येणार, हे आपल्याला ठाऊक असते.

म्हातारपणही असेच येणार असते. पण त्याची बेगमी मात्र आपण करत नाही. "बघू पुढचं पुढं," असे म्हणतो. बघता बघता केस पांढरे होतात.

नोकरदाराच्या पगारातून दरमहा काही रक्कम म्हातारपणासाठी कापली जाते. शेतकऱ्याचे आणि मजुराचे पैसे कोण कापणार? ते त्याने स्वतःच बाजूला काढायला हवेत.

यासाठी २०१५ साली अटल पेन्शन योजना सुरू झाली. बँकेत किंवा पोस्टात बचत खाते असले म्हणजे तिच्यात नाव घालता येते. वय १८ ते ४० च्या आत हवे. प्राप्तिकर भरणाऱ्याला तिच्यात नव्याने नाव घालता येत नाही. खात्यातून दरमहा हप्ता जातो. साठी पुरी झाली की दरमहा पेन्शन सुरू होते. नवऱ्याच्या मागे बायकोला आणि बायकोच्या मागे नवऱ्याला तेच पेन्शन मिळते.

आता हिशेब पाहा. महिना १००० रुपये पेन्शन हवे आहे. अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिना ४२ रुपये भरावे लागतात. चाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तर त्याच हजारासाठी महिना २९१ रुपये लागतात. उशिराची किंमत ही अशी असते!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आज हजारात जेवढे सामान येते, तेवढे वीस वर्षांनी येणार नाही. म्हणून झेपेल त्याने मोठी रक्कम निवडावी. महिना ५००० पर्यंत पेन्शन घेता येते. त्यासाठी अठराव्या वर्षी महिना २१० रुपये हप्ता पडतो.

"आमची चाळिशी कधीच गेली. आम्ही काय करावं?" असे कोणी विचारील. त्यांनी पोस्टात, बँकेत, बचत गटात थोडे थोडे टाकत राहावे. शिवाय महाराष्ट्रात ६५ वर्षांवरच्या निराधार गरिबांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम महिना १५०० रुपये झाली. तिचा अर्ज तहसील कचेरीत करतात. वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो.

आता जमिनीची गोष्ट.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आजोबा येत. वय सत्तरीच्या पुढे. पाटीवर अक्षर गिरवताना हात कापे. आम्ही विचारले, "आजोबा, या वयात एवढी खटपट कशाला?"

ते म्हणाले, "अंगठ्यानं घात केला, बाबांनो!"

मुलाने एक कागद आणला होता. आपल्या मागे जमीन मुलाला मिळावी एवढेच त्यात लिहिले आहे, असे आजोबांना वाटले. त्यांनी अंगठा उठवला. ते होते बक्षीसपत्र! जमीन त्याच दिवशी मुलाची झाली. मुलगा मनाने वाईट नव्हता. पण कर्ज झाले, त्याने जमीन विकली आणि तो शहरात गेला. आजोबा-आजी गावात राहिले. उतारवयात आजोबा दुसऱ्याच्या बांधावर गवत कापू लागले.

मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांत मोठा फरक आहे. मृत्युपत्र आपल्या मागे लागू होते. जिवंतपणी जमीन आपलीच राहते आणि मन बदलले तर मृत्युपत्रही बदलता येते. ते साध्या कागदावरही होते. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. बक्षीसपत्र नोंदले की मालकी गेली. ती सहजासहजी परत येत नाही.

जमीन आधीच द्यायची असेल, तर कागदात अट लिहून घ्या. "मुलाने आमचे अन्नवस्त्र आणि औषधपाणी पाहावे," अशी ती अट असावी. २००७ साली आईबापांसाठी एक कायदा झाला. अशी अट असून ती पाळली नाही, तर त्या कायद्याखाली दाद मागून ते देणे रद्द करून घेता येते. जे आईबाप आपला खर्च चालवू शकत नाहीत, त्यांना मुलाकडून किंवा मुलीकडून पोटगीही मागता येते. त्यासाठी प्रांताच्या कचेरीत अर्ज करावा.

अट लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. आपण बांधाला दगड रोवतो, तो शेजाऱ्याशी भांडण आहे म्हणून नव्हे. भांडण होऊ नये म्हणून रोवतो.

शेवटची गोष्ट घरच्या लक्ष्मीची. धनी अचानक गेला, तर पासबुक कुठे आहे हेसुद्धा पुष्कळ बायांना ठाऊक नसते. दुःखाच्या दिवसांत बिचारीला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. म्हणून खाते दोघांच्या नावे करा. आपल्या मागे पैसे कोणाच्या हाती द्यायचे, ते नाव खात्यावर लावून ठेवा.

आज रात्री एवढे करा. ट्रंकेतले कागद बाहेर काढा. पासबुक, सातबारा, जे असेल ते. दोघे मिळून दिव्याखाली बसा आणि एकेक ओळ मोठ्याने वाचा. जे कळणार नाही, त्यावर खूण करा आणि उद्या वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू.

अंगठा मात्र आता पुन्हा उठवायचा नाही.