उड्डाण कधी थांबवायचे?

वळिवाच्या दिवसांत कोडोलीत दुपारनंतर पन्हाळ्याच्या बाजूने काळे ढग चढू लागतात. अशा वेळी वर्गातून हमखास प्रश्न येतो, "सर, पावसात रॉकेट सोडतात का?"

साध्या पावसाची रॉकेटला फारशी भीती नसते. चांद्रयान-१ च्या उड्डाणाआधी श्रीहरिकोटा येथे काही दिवस पाऊस व विजा चालू होत्या. तरी २२ ऑक्टोबर २००८ रोजी ते ठरल्याप्रमाणे झेपावले. खरी धास्ती विजेची. ढगात विद्युतभार साठलेला असतो, पण वीज पडायला तो पुरेसा नसतो. अशा ढगात रॉकेट शिरले, की त्याचा धातूचा देह आणि मागचा तप्त वायूंचा लांब झोत यांमुळे विजेला आयती वाट मिळते. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो-१२ ने ३६ व्या आणि ५२ व्या सेकंदाला अशी वीज स्वतःच ओढवून घेतली. यानाचा मुख्य वीजपुरवठा तुटला. रॉकेटचा स्वतंत्र संगणक शाबूत होता, म्हणून मोहीम वाचली. तेव्हापासून नियम कडक झाले. आता तळाभोवती जमिनीलगतचे विद्युतक्षेत्र मोजत राहतात.

दुसरा अडसर वाऱ्याचा. खाली पानही हलत नसताना दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारा जोरात वाहत असू शकतो. थोड्याच उंचीत त्याचा वेग किंवा दिशा बदलली, तर वेगात असलेल्या रॉकेटवर ते वाकवणारा ताण येतो. म्हणून उड्डाणापूर्वी फुगे सोडून वरचा वारा मोजतात.

कधी अडथळा हजारो किलोमीटर दूर असतो. मंगळयान २८ ऑक्टोबर २०१३ ला निघायचे होते. त्याच्या रॉकेटचा चौथा टप्पा दक्षिण प्रशांत महासागरावर पेटणार होता, आणि तेथून संदेश टिपण्यासाठी 'नालंदा' व 'यमुना' ही जहाजे पाठवली होती. खवळलेल्या समुद्रामुळे जहाज वेळेत पोहोचेना. उड्डाण ५ नोव्हेंबरला झाले.

आता वर्गासाठी एक हिशोब. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागावेत. अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे मोजमाप वर्गात बसूनच करावे. गडगडाट साधारण १५ किलोमीटरपर्यंतच ऐकू येतो. अमेरिकेत सुमारे १८ किलोमीटरच्या आत वीज चमकली, तर ३० मिनिटे उड्डाण रोखतात. म्हणजे आपल्याला गडगडाट ऐकू आला, तर तेथे रॉकेटही थांबले असते. मग आपली मुले मैदानावर कशाला ठेवायची? शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे त्यांनीही आतच थांबावे.